चुगलखोर आरसा

"मला एक उंट विकत घ्यायचाय!" आरशासमोर छाती काढून काडी ओरडला. "दोन वशिंडांचा! आजच्या आज!"

"आणि खोगीर?" मागून शंकाने आठवण करून दिली.

"हो हो, खोगीर पण! मखमली!"

सुईने हातातल्या फोनकडे पाहिलं. आरशावर याच फोनचा नंबर टाकला होता. फोन काडीच्या आजोबांचा. दुपारच्या जेवणानंतर आजोबा घोरायला लागले की तो हळूच उचलून आणायचा आणि ते जागे व्हायच्या आत उशाशी परत ठेवायचा, अशी सोय काडीने लावून दिली होती. पण फोन ढिम्म! उंटाची जाहिरात नाही, खोगिराची नाही, साध्या चाबकाचीसुद्धा नाही.

"कालच्या पाणबुडीचंही काही आलं नाही," शंका म्हणाली. "म्हणजे या आरशाला कान नाहीत."

या तिघांची ही नावं अर्थातच घरच्यांनी ठेवलेली नव्हती. सुई अंगाने बारीक आणि जिभेने टोचरी. शंकाला देव भेटला असता तरी तिने आधी ओळखपत्र मागितलं असतं. आणि काडी इतका किडकिडीत, की वारा सुटला की त्याची आई त्याला आत बोलवायची. सुट्टीत तराफा बांधून नदीत सोडायचा, असा त्यांचा जंगी बेत होता. तो बेत आता सगळाच्या सगळा बारगळला होता, कारण सुईच्या आईवर चहाडखोरीचा आळ आला होता.

सुईच्या आईचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढे काउंटर आणि मशीन, मागे पडदा लावलेली मापं घ्यायची खोली. त्या पडद्याआड बायका काय काय बोलायच्या! सासरचं, माहेरचं, दुखण्याखुपण्याचं. आई तोंडात टाचण्या धरून ऐकायची आणि ऐकलेलं पोटात ठेवायची. कपडे काय, कुणीही शिवतं. बायका यायच्या त्या आईच्या या गुणासाठी.

मग त्या खोलीत आरसा आला. एका मोठ्या कंपनीने तो फुकट दिला होता. समोर उभं राहायचं, काचेवर बोटाने फोन नंबर टाकायचा, की आरसा गळ्यापासून घोट्यापर्यंत सगळी मापं घेणार आणि कपडा तयार झाला की त्या नंबरवर निरोप धाडणार. आई खूश! गिऱ्हाइकंही खूश!

आणि एके दिवशी शाळेतल्या गाण्याच्या बाई तरातरा दुकानात आल्या. डोळे लाल झालेले.

"मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं!" त्या म्हणाल्या. "मला बाळ होणार आहे, हे घरात फक्त ह्यांना ठाऊक होतं आणि बाहेर तुम्हाला. मागच्या वेळी सगळ्यांना पेढे वाटले आणि मग सगळ्यांसमोर रडावं लागलं. म्हणून या वेळी गप्प बसले होते. काल सासूबाईंनी माझा फोन उचलला, तर पाळणे विकणारी बाई अभिनंदन करतेय! कुणाला सांगितलंत तुम्ही?"

"कुणालाच नाही," आई म्हणाली.

"मग काय भिंतींनी सांगितलं?"

गोष्ट बाजारभर झाली. गिऱ्हाइकं कमी झाली. जी यायची ती कपडे टाकायची आणि तोंड मिटून निघून जायची. परवा आईने सांगून टाकलं होतं, की सुट्टी संपली की दुकान बंद, आणि ती तयार कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागणार. त्या दिवसापासून सुईला जेवण गोड लागत नव्हतं. आई खोटं बोलत नाही, म्हणजे नाही!

"मला सांग," काडी चाचरत म्हणाला, "आरशाला कान नाहीत... मग कदाचित काकूंच्याच तोंडून..."

"पुढचा शब्द काढलास तर अंगभर काजं पाडीन तुझ्या!" सुई कडाडली.

काडी मुकाट्याने दोन पावलं मागे सरला आणि खुंटीला टांगलेल्या एका पोशाखात अडकला. गाण्याच्या बाईंचा कार्यक्रमाचा पोशाख! भांडण झाल्यापासून तो तसाच अर्धवट लटकत होता.

"अरे, फाडशील!" सुईने तो सोडवला, आणि बाजूची शिवण हातात आली तशी ती थबकली. शिवणीच्या आतल्या अंगाला टाक्यांच्या भोकांच्या बारीक रांगा होत्या. एक जुनी, तिच्या बाहेर दुसरी, तिच्या बाहेर तिसरी.

"बघा रे!" तिचा आवाज चढला. "आईने ही शिवण तीनदा उसवून बाहेर घेतलीय. फक्त पोटाशी! खांदे तेच, दंड तेच. बाई दर वेळी आरशासमोर उभ्या राहिल्या आणि दर वेळी पोटाचं माप वाढलं!"

शंकाचे डोळे गोल झाले. "म्हणजे ऐकायची गरजच नाही! आरशाने नुसतं पाहिलं आणि ओळखलं!"

"आणि ओळखून वर विकलं! पाळणेवाल्यांना!"

"पण हे सिद्ध कसं करणार?" शंकाने विचारलं. शंकाच ती!

सुईने काडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग शंकाने पाहिलं. काडीला घाम फुटला.

"नाही! अजिबात नाही! मी मुलगा आहे!"

"आरशाला गळ्याच्या वरचं दिसत नाही," सुई गोड आवाजात म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून काडीच्या ताईचा जुना गाऊन घालून एक नवी 'गिऱ्हाईक' दुपारी आई जेवायला गेली की पडद्याआड येऊ लागली. नंबर अर्थात आजोबांचाच. पहिल्यांदा गाऊनखाली नुसता पंचा, मग घडी घातलेली चादर, मग लहान तक्क्या. दोन आठवड्यांत मजल उशीपर्यंत गेली.

"गुदगुल्या होतात," काडी कुरकुरला.

"सरळ उभा राहा. आई होणारी बाई असं खाजवत नाही!" शंकाने दम दिला.

उशी झाली तरी फोन गप्पच होता. आणि दुसऱ्याच दिवशी व्यापारी मंडळाच्या सभागृहात कंपनीची सभा होती. चपलांच्या दुकानापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत प्रत्येक ठिकाणी असे आरसे बसवायचे, असं घाटत होतं.

"पुरावा नाही. कोण ऐकणार आपलं?" काडी म्हणाला.

"नाही ऐकलं तर नाही," सुई म्हणाली. "मी बोलणार!"

सभागृह गच्च भरलं होतं. मागच्या रांगेत आई मान खाली घालून बसली होती, आणि तिच्यापासून चार खुर्च्या सोडून गाण्याच्या बाई. व्यासपीठावर कंपनीचा माणूस होता. त्याचा टाय इतका चकचकीत होता की त्यातही तोंड पाहता आलं असतं.

"बंधूंनो आणि भगिनींनो, आमचा आरसा म्हणजे तुमच्या घरचंच माणूस!" तो म्हणाला. "घेतलेलं माप आरशाच्या बाहेर जात नाही. माझा शब्द आहे!"

"खोटं आहे!" सुई खुर्चीवर उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता. "तुमचा आरसा आमच्या गिऱ्हाइकांच्या चुगल्या करतो!"

"अगं, खाली बस," आई कळवळून म्हणाली.

"नाही बसणार! तू काही केलेलं नाहीस, मग मान तू का खाली घालायची?"

टायवाला गोड हसला. "बाळ, सुट्टीत फार गोष्टी वाचतेस वाटतं? पुरावा आहे का काही?"

लोक हसले. सुईचे कान तापले. आणि तेवढ्यात मागचा दरवाजा धाडकन उघडला. दारात काडीचे आजोबा! सगळी हयात मुख्याध्यापक म्हणून काढलेले. त्यांच्या नुसत्या खाकरण्याने अर्धं सभागृह ताठ बसलं, कारण ते त्यांचेच विद्यार्थी होते.

"कोण आहे तो कंपनीवाला?" आजोबा गरजले. "हा काय चावटपणा आहे? सकाळपासून तीन निरोप, आणि उलट फोन केला तर पाळणेवाले तुमच्या आरशाचं नाव सांगतात! ऐका!" त्यांनी चष्मा नाकावर सरकवून फोन लांब धरला. "'अभिनंदन, ताई! बाळाची चाहूल लागली ना? आई होण्याचा आनंद आमच्यासोबत साजरा करा. पाळण्यावर खास सवलत!' अहो, मी पंच्याहत्तरीला आलोय! मी कसली आई होतोय?"

सभागृहात हास्याचा असा स्फोट झाला की छताचे पंखे हलले असतील. टायवाल्याने रुमाल काढला. "चुकून... नंबर चुकला असेल, काका..."

"चुकला नाही!" काडीने पिशवीतून गाऊन काढला, सगळ्यांदेखत अंगात चढवला आणि आत उशी कोंबली. "आजोबा, ती ताई म्हणजे मी! रोज थोडं थोडं पोट वाढवून आरशासमोर उभा राहिलो. तोंडातून एक शब्द काढला नाही!"

"आणि हा नंबर आम्ही त्या आरशाशिवाय कुठेच दिला नाही," शंकाने ठासून सांगितलं. "आता सांगा, माप बाहेर गेलं कसं?"

टायवाला चिडला, आणि चिडलेला माणूस खरं बोलून जातो. "मग त्यात बिघडलं काय? आरसा बसवताना या शिवणकामवाल्या बाईंनी 'मान्य आहे' हे बटण दाबलंय! माप आम्ही कुणालाही देऊ शकतो!"

आपण काय बोलून गेलो ते टायवाल्याच्या ध्यानात आलं, पण बाण सुटला होता.

मागच्या रांगेत आई उठली. आता तिची मान ताठ होती.

"कपडा शिवण्यासाठी माप घेतो, असं तुम्ही मला सांगितलंत," ती म्हणाली. "मी बटण दाबलं ते कपड्यासाठी. माणसाचं अंग आणि त्याचं सुखदुःख विकायला मी हो म्हटलं नव्हतं, आणि मी म्हटलं असतं तरी ते माझं नव्हतंच! माझ्या गिऱ्हाइकांचं होतं. तुमचा आरसा आजच्या आज उचला!"

"आणि आमच्या दुकानात आणूच नका!" न्हावी ओरडला.

"आमच्याही!" चपलावाल्या काकू उठल्या. मग खुर्च्या सरकल्याच्या आवाजात पुढचं कुणाचं काय ते कळेना. टायवाला आपली पेटी छातीशी धरून बाजूच्या दाराने सटकला.

गाण्याच्या बाई आईपाशी आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी आईचे हात हातात घेतले. "माझ्यामुळे तुमचं नाव बाजारभर झालं, म्हणून माफीही सगळ्यांदेखत मागते. चुकले मी." आईने ते हात घट्ट धरून ठेवले, आणि सुईला इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर रडावंसं वाटलं.

आजोबांनी तिघांना समोर उभं केलं. काडी अजून गाऊनमध्येच होता.

"माझा फोन चोरलात. मला आई बनवलंत," ते कडक आवाजात म्हणाले. "पण जिथे मोठी माणसं फुकटच्या वस्तूला भुलली, तिथे तुम्ही प्रश्न विचारलात. आणि लोक हसत असताना खुर्चीवरून खाली उतरला नाहीत. शाब्बास! असे विद्यार्थी मला आणखी मिळायला हवे होते." मग ते काडीकडे वळले. "ती उशी माझी आहे का रे?"

पुढच्याच आठवड्यात दुकान पुन्हा गजबजलं. कारखान्याचं नाव कुणी काढलं नाही. गाण्याच्या बाई पोशाख घालून पाहायला आल्या. पडद्याआड आई टेप घेऊन वाकली, आणि बाई तिच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजल्या. मग दोघी खुदखुदून हसल्या.

बाई गेल्या तशी सुई धावत आत आली. "आई, काय म्हणाल्या गं? मला तरी सांग! मीच तर शोध लावला!"

आईने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. लेकीच्या गालावर टिचकी मारली.

"तुलाही नाही," ती म्हणाली.