भाव पडेपर्यंत

"पाय हलवू नका!"

शांभवीनं दुकानात पाऊल टाकलं आणि टेबलाखालून हा हुकूम सुटला. ती होती तशीच थांबली. नुकतीच लाईट गेली होती. राजारामपुरीतलं ते चिंचोळं दुकान, भिंतीला टेकलेली खोकी, आणि जमिनीलगत इकडून तिकडे फिरणारा टॉर्चचा उजेड...

"का? साप हाय काय?"

"साप परवडला. स्क्रू पडलाय. त्या मापाचा एकच शिल्लक हाय."

टेबलाखालून आधी टॉर्च आली, मग विस्कटलेले केस, मग दोन डोळे. डोळे तिच्या चपलेवर खिळलेले. "उजवा पाय उचला की जरा," तो म्हणाला. तिनं उचलला, तोल गेला, आणि कीबोर्डच्या रिकाम्या खोक्यांची सगळी चळत घेऊन ती खाली बसली. एवढं होऊन स्क्रू चपलेखाली नव्हताच. तो त्या बहाद्दराच्याच शर्टाच्या खिशात निघाला.

अशा वेळी माणूस एक तर भांडतं, नाही तर हसतं. शांभवी हसली. भांडली असती तर ही गोष्ट तिथंच संपली असती आणि कदाचित बरंही झालं असतं.

साल दोन हजार दोन. शांभवीचे वडील रुद्राप्पा शेटे शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. घर लिंगायत, घरात कन्नड आणि मराठी दोन्ही सारख्याच सवयीची. आणि ही लक्ष्मीपुरीतल्या एका डीटीपी सेंटरवर दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका जुळवत बसायची. तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय घरात रोज निघायचा. एकदा जेवताना ती वैतागून म्हणाली, "अप्पा, मला विचारणार हाय का न्हाय कुणी?" तेव्हा अप्पा म्हणाले, "आधी स्वतःच्या पायावर उभी ऱ्हा. चार पैसे घरात आण. मग तुझं तू ठरीव, मी मधी येणार न्हाय." अप्पा शब्दाचे पक्के होते. घरच्या घरी पत्रिका करायच्या, त्यासाठी स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचा, हे शांभवीनं त्याच दिवशी मनाशी ठरवलं.

कंपनीचा तयार कॉम्प्युटर तिच्या पगारात बसणारा नव्हता. मग उरला रस्ता एकच. एकेक पार्ट घ्यायचा आणि जोडून घ्यायचा. त्या दुकानात जोडणी करणारा तो टेबलाखालचा प्राणी म्हणजे वृषभ पाटील.

"पत्रिकाच करणार न्हवं? मग सेलेरॉनचा साधा प्रोसेसर बास झाला," तो म्हणाला. "पेंटियम घेऊन काय चंद्रावर जाणार हायसा?"

"आणि रॅम?"

"रॅम जास्त घ्या. पण आज नको. पुढच्या आठवड्यात मुंबईचा माल येतोय. भाव पडणार."

"तुम्हांला कसं ठाऊक?"

"पडतोच की. ह्या धंद्यात भाव चढलेला कुणी बघितलाय व्हय?"

पुढच्या आठवड्यात ती गेली. भाव खरंच पडला होता. तरी तो म्हणाला, "अजून पडंल. थांबा की जरा..." आणि असं म्हणताना त्यानं तिच्याकडे न बघता हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं. कानाच्या पाळ्या मात्र लालबुंद झाल्या होत्या. शांभवी काय समजायचं ते समजली. रॅमचं निमित्त होतं. तिलाही त्या निमित्ताची गरज होतीच की!

मग दर शनिवारी निमित्त. एका शनिवारी मदरबोर्ड बघायचा, पुढच्या शनिवारी त्याच मदरबोर्डवर आणखी विचार करायचा. दुकानात आलेलं दुसरं गिऱ्हाईक झटपट सगळं घेऊन निघून जायचं आणि ही दोघं मात्र एका पंख्यावर अर्धा तास वाद घालत बसायची.

"हा पंखा आवाज करतोय."

"आवाज न्हाय तो. गातोय."

"तुमच्यासारखंच गातोय."

"मग घ्या की, घरात रोज ऐकायला मिळंल."

एकदा त्यानं रॅमची पट्टी तिच्या हातात द्यायला काढली आणि मधेच थांबवली. "आधी लोखंडाला हात लावायचा. अंगातली वीज उतरली पाहिजे, न्हाय तर चिप जाती." तिनं शटरच्या लोखंडाला हात लावला. मग पट्टी घेताना बोटांना बोटं लागली आणि... वीज कुठली उतरते! दोघांनीही एकदमच हात मागं घेतले. पट्टी टेबलावर पडली, पण तिला काही झालं नाही.

सर्वांत आधी विकत घेतलं ते कॅबिनेट, म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. तो रिक्षात नीट बसेना, म्हणून वृषभच स्कूटरवर पुढ्यात घेऊन घरी आला. शांभवीच्या आईनं, रत्नव्वानं, दार उघडलं. "रिकामं खोकं आणून पोरगी काय करणार हाय कुणास ठाऊक," असं ती कन्नडमध्ये पुटपुटली आणि हा कन्नडमध्येच म्हणाला, "भरू की हळूहळू, अव्वा." झालं! अव्वा विरघळली. सीमेपलीकडच्या सदलग्याचा पोरगा, आडनाव पाटील, कन्नड असं गोड की जणू बेळगावची मावशीच बोलतीय. दुधाचा चहा झाला, वर चिवडा झाला. तो गेल्यावर अव्वा म्हणाली, "आपल्यातलाच दिसतोय." शांभवीनं नुसतं "असंल," म्हटलं. तिलाही तसंच वाटत होतं. आपल्या भागात पाटील लिंगायतातही असतात, जैनातही असतात, मराठ्यांतही असतात, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण आवडत्या माणसाची जात मनानं परस्पर ठरवून टाकलेली असते, आपल्याला सोयीची.

ती गाठ उकलली आषाढात. रंकाळ्यावर भुरभुर पाऊस होता आणि एका गाड्याच्या ताडपत्रीखाली दोघं उभी होती. कागदात गरम भजी. वाऱ्यानं तिची ओढणी त्याच्या खांद्यावर जाऊन बसत होती आणि तो ती काढून देत नव्हता. दोघं एव्हाना तुम्हीवरून तूवर आली होती.

"तू खाईनास?"

"दिवस मावळला की."

"मग?"

"चातुर्मास बसलाय. आईला शब्द दिलाय, हे चार महिने दिवस मावळल्यावर अन्नाला शिवायचं न्हाय."

तिच्या हातातलं भजं हातातच राहिलं. "म्हणजे तू... जैन?"

"व्हय. तुला काय वाटलं?"

"अव्वाला वाटतंय, तू आमच्यातला."

"आणि तुला?"

ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला... तू माझा वाटतोस."

हे बोलून ती इतकी घाबरली की उरलेली सगळी भजी तिनं गाडेवाल्यालाच परत दिली. वृषभनं तिच्या ओढणीचं टोक हळूच मुठीत धरलं आणि म्हणाला, "मी घरात सांगतो. पण जरा थांबू. दिवाळीपर्यंत बघू, हवा कशी हाय ती."

तिला ते शहाणपणाचंच वाटलं. थांबण्यात फायदा असतो, हे तर तिला त्यानंच शिकवलं होतं. आपलाही कॉम्प्युटर सुरू होऊ दे, कामं येऊ देत, अप्पांचा शब्द त्यांच्यासमोर ठेवायची ताकद येऊ दे, मग अव्वाला खरं सांगू. अव्वाचा गैरसमज तिनं तसाच राहू दिला. अव्वा देवापुढं "पाटलांचा वृषभ" म्हणून हळूच काहीतरी पुटपुटायची, तेव्हा शांभवी उठून दुसऱ्या खोलीत जायची.

दसरा जवळ आला तोवर मॉनिटर सोडून सगळं गोळा झालं होतं. मॉनिटरचे पैसे शांभवीनं कधीचे बाजूला काढून ठेवले होते. पण वृषभचं आपलं एकच. "मॉनिटर तेवढा थांब. दिवाळीला पडणार. तोवर दुकानातला जुना आणतो."

रविवारी दुपारी तो आला. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर सगळा संसार मांडला. दोघांनी सवयीनं आधी खिडकीच्या गजाला हात लावला आणि दोघं एकमेकांकडे बघून हसली. जोडणी झाली, आणि बटण दाबायला जाणार तोच लाईट गेली. अप्पा दारात येऊन दोनदा विचारून गेले. अव्वानं कुंकवाची वाटी आणून ठेवली, नारळ ठेवला. बाहेर उन्हं उतरली, अंधारून आलं आणि मग लाईट आली.

वृषभ म्हणाला, "तू दाब."

पंखा गायला लागला. जुन्या मॉनिटरवर आधी काळोख, मग पांढरी अक्षरं... शांभवीनं टाळ्या पिटल्या. अव्वानं कॅबिनेटला कुंकू लावलं. अप्पा चष्मा पुसून म्हणाले, "पोरीनं केलं म्हणायचं!" त्या एका मिनिटात शांभवीला जे जे हवं होतं ते सगळं त्या खोलीत होतं.

अव्वा आतून ताट घेऊन आली. पुरणाची होळगी, त्यावर तुपाची धार. "ऊट माडकोंड होगरी. जेवूनच जायचं."

वृषभनं खिडकीबाहेर बघितलं. अंधार पडला होता. "नको अव्वा... दिवस मावळला."

ताट अव्वाच्या हातातच थांबलं. दिवस मावळल्यावर कोण जेवत नाही, हे आपल्याकडच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. तिनं एकदा त्याच्याकडे, एकदा लेकीकडे बघितलं आणि ताट हळूच कीबोर्डच्या खोक्यावर ठेवलं.

"तुम्ही जैन?" अप्पांनी विचारलं.

"व्हय."

"शांभवी, तुला ठाऊक हुतं?"

"हुतं, अप्पा." तिची मान खाली गेली नाही.

अप्पा ओरडले नाहीत. ते वृषभच्या समोर बसले आणि सरळ म्हणाले, "पावणं, आमच्या पोरीच्या मनात काय हाय ते दिसतंय आम्हांला. तुमच्या मनात काय हाय, ते सांगा. तुम्ही बोला, मग काय ते मी बोलतो."

दार बंद झालेलं नव्हतं. अप्पांनी विचारलं होतं. ते नुसतं ऐकून घ्यायला तरी तयार होते. वृषभ, बोल. काहीही बोल...

वृषभनं स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. पिशवीची चेन लावली. आणि खाली बघत म्हणाला, "मी... मशीन जोडायला आलतो."

जाताना कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण लावायचंही तो विसरला.

तीन-चार दिवस शांभवी वाट बघत राहिली. तो येईल, फोन तरी करेल. घरात कुणी तिला बोललं नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. शेवटी तीच दुकानात गेली. तो एकटाच होता. तिला बघून त्याच्या कानाच्या पाळ्या पूर्वीसारख्याच लाल झाल्या.

"तू असं का बोललास?"

"मग काय बोलणार हुतो? एकदम अंगावरच आलं की सगळं... हे बघ, जरा थांबू. तुझ्या घरचं निवळू दे, माझी आई पण..." त्यानं हात चोळले. "घाई केली तर महाग पडंल."

शांभवी त्याच्याकडे बघतच राहिली. हा आवाज, हे शब्द, स्क्रूड्रायव्हरकडे बघणारी ही नजर. ह्यावरच तर ती भाळली होती! तो तिच्यासाठी थांबतो, असं तिला वाटलं होतं. तो नुसता थांबतच होता. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

"वृषभ, मी काय रॅम हाय? आज नको, पुढच्या आठवड्यात स्वस्त मिळंल?"

"तसं न्हाय गं..."

"मग कसं?"

त्यानं स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. तिला रडू आलं, तिथंच, दुकानात, आणि तिनं ते लपवलं नाही. तो ग्लासभर पाणी घेऊन आला, पण तोवर ती पायऱ्या उतरली होती.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षातून पुन्हा दुकानात आली. मांडीवर तो जुना मॉनिटर. एवढा जड की हातांना वळ उठले होते. रिक्षावाल्यानं मदत करतो म्हटलं तरी तिनं तो स्वतःच उचलून दुकानाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"हा तुमचा," ती म्हणाली. तूवरून पुन्हा तुम्हीवर.

मग तिनं रस्ता ओलांडला आणि समोरच्या दुकानात गेली. पंधरा इंची मॉनिटर. भाव विचारला, घासाघीस केली नाही, पैसे दिले. दुकानदारच गडबडला. ती खोकं रिक्षात ठेवत होती तेव्हा वृषभ रस्त्याच्या पलीकडे पायरीवर येऊन उभा होता. त्याच्या तोंडून सवयीनंच निघून गेलं, "अगं, दिवाळीपर्यंत थांबली असतीस तर..."

"ठाऊक हाय," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

घरी येऊन तिनं मॉनिटर स्वतः जोडला. कॅबिनेटचं झाकण लावायला घेतलं तेव्हा स्क्रू सापडेनात. सगळी सतरंजी तिनं हातानं चाचपली, आणि मग तिच्या लक्षात आलं, ते त्याच्या शर्टाच्या खिशात गेले असणार. पहिल्या दिवसासारखेच. त्या आठवणीनं तिला हसू आलं आणि हसता हसताच ती ओंजळीत तोंड घालून रडली. अव्वा दाराशी आली आणि शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दिवाळीआधीच पत्रिकांची कामं यायला लागली. गडहिंग्लजचं एक स्थळ आलं, तेव्हा शांभवीनं अप्पांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली. अप्पा शब्दाला जागले. स्थळाला नकार गेला. जी ताकद तिला हवी होती ती आता तिच्याकडे होती. फक्त ज्याच्यासाठी ती हवी होती, तो माणूस तिला मागणी घालायला कधीच आला नाही.

आणि दिवाळीच्या तोंडावर पेपरात जाहिरात आली. मॉनिटरचा भाव खरंच पडला होता, चांगला घसघशीत पडला होता. शांभवीनं ती जाहिरात पुन्हा एकदा वाचली. जास्त गेलेल्या पैशाचं तिला काहीच वाटलं नाही. त्याचं सगळं बरोबर निघतं, एवढंच तिला त्या सकाळी फार लागलं. मग तिनं पेपर बाजूला ठेवला आणि उघड्या कॅबिनेटमधला पंखा गात असताना कुणाच्या तरी पत्रिकेवर नवऱ्या मुलाचं नाव टाईप करायला घेतलं.