शेवटच्या भागाचं तिसरं तिकीट

भुताखेताच्या गोष्टी वाचताना मला हसू येतं, म्हणून आधीच सांगते. ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. पण जे घडलं ते माझ्या शेजारच्या खुर्चीत घडलं... आणि भर दुपारी.

आई जाऊन फार दिवस झाले नव्हते.

ती मुलांच्या वाचनालयात कामाला होती. भिंतीआड कोंडलेल्या शहराची एक पुस्तकमालिका आहे. मुलं त्यावर एवढी का तुटून पडतात, हे बघायला तिनं पहिलं पुस्तक घरी आणलं आणि स्वतःच अडकली. मग मीही अडकले.

पुढे त्या पुस्तकांचे सिनेमे निघाले. आई एकूण एक भाग बघायची, केवळ नावं ठेवायला. एका बाजूला दादा, एका बाजूला मी, मध्ये आई.

सिनेमानं पुस्तक सोडून भलतंच काही केलं की ती जिभेनं आवाज करायची.

च्च.

फारच झालं की चष्मा काढून डबीत ठेवायची. टक. मग पडद्याकडे बघणं बंद.

शेवटचं पुस्तक मी तिला दवाखान्यात वाचून दाखवत होते. नायिका त्या शहराच्या जुलमी अधिपतीच्या दाराशी पोहोचते, तिथे ती म्हणाली, "बास. उरलेलं उद्या. शेवट घाईत वाचू नये."

दुसऱ्या दिवशी ऐकायला ती नव्हती. मी ते पुस्तक पुन्हा उघडलं नाही.

शेवटचा सिनेमा लागला तेव्हा दादाच म्हणाला, "जाऊ या. तिनं सोडला नसता."

आत शिरताना त्यानं तिकिटं पुढे केली. तीन.

"तीन का काढलीस?"

तो तिकिटांकडे बघत राहिला. "सवयीनं... लक्षातच नाही आलं गं."

खुर्च्या स्प्रिंगच्या होत्या. माणूस उठला की आपोआप वर मिटणाऱ्या. मधली मिटलेली होती. मी पाहिली होती.

सिनेमा सुरू झाला. एका पुस्तकाचे दोन सिनेमे ओढून काढलेले, त्यामुळे बराच वेळ सगळे नुसते गंभीर चेहऱ्यानं चालत होते. वर्षानुवर्षं उपाशी असलेल्या जनतेचे दात मात्र टूथपेस्टच्या जाहिरातीतले. पुस्तकात नायिकेचा अर्धा चेहरा भाजलेला आहे. तिची सगळी गोष्टच त्या चेहऱ्याची आहे. इथे तिच्या गालावर एक नाजूक ओरखडा होता, काजळासारखा रेखलेला.

...च्च.

मला वाटलं, माझ्याच तोंडून गेला.

भुयारात पाणी चढत होतं आणि बंडखोर पळायचं सोडून एकमेकांना प्रेमाची कबुली देत उभे होते.

...च्च.

दादा माझ्याकडे वाकला. "किती च्च-च्च करतेस. अगदी आईवर गेलीयेस."

"मी नाही केलं."

"मग काय पॉपकॉर्ननं केलं?"

मी मधल्या खुर्चीकडे बघत होते.

ती उघडी होती. कुणीतरी बसल्यासारखी... खालपर्यंत दाबलेली.

"दादा, तू बॅग ठेवलीस का इथे?"

"मी बॅग आणलीच नाही."

मग त्यानंही पाहिलं. त्याचं खाणं थांबलं.

पडद्यावर अधिपतीचं भाषण चालू होतं. पुस्तकातला अधिपती एक शब्द न बोलता मुलांना मरायला पाठवतो. म्हणून तर त्याची भीती वाटते. हा लग्नात माईक हाती लागलेल्या काकांसारखा बोलतच सुटला होता.

...टक.

चष्म्याची डबी.

ती डबी आम्ही चष्म्यासकट आधीच देऊन टाकली होती.

मग नायिका त्या दाराशी आली. तिनं दारावर हात ठेवला.

पुन्हा... टक. या वेळी डबी उघडल्याचा आवाज.

त्यानंतर काहीच नाही.

इथून पुढचं तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

शेवट झाला. डुलणारं गवत, गोंडस मुलं, व्हायोलिन. विमा कंपनीच्या कॅलेंडरवरचं चित्र. आईनं एरवी ते सोलून काढलं असतं. पण शेजारून श्वाससुद्धा ऐकू आला नाही. मूळ शेवट ऐकल्याशिवाय नावं ठेवणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं.

दिवे लागले. मधली खुर्ची फटकन मिटली.

"उठलीस का?" दादानं विचारलं.

मी अजून बसलेलीच होते.

दुसऱ्या दुपारी मी पुस्तक उघडलं. समोर तिची खुर्ची ओढून ठेवली आणि मोठ्यानं वाचू लागले. भिंत पडते. पलीकडे राख असते, नुसती राख. गवताचं नावसुद्धा नाही.

समोरून आवाज आला. हलका, समाधानी...

च्च. म्हणजे, 'बघ, मी सांगत नव्हते?'

मी वाचत राहिले. शेवटचं पान आलं. मी पुस्तक मिटलं.

दादाचा फोन आला. "संपवलंस?"

"एक पान आहे."

"वाचून टाक गं. तिला ताटकळत ठेवू नकोस."

"आणि मग ती कशासाठी थांबेल?"

त्यानं फोन ठेवला.

वाचनालयात पुस्तकं अर्धवट वाचून परत करणारे यायचे, त्यांची आईला मनस्वी चीड होती. तोंडावर कधी बोलायची नाही. नुसता तो एक आवाज करायची.

काल दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. पुस्तक कपाटात बंद होतं. टीव्ही बंद होता. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मागून, अगदी कानाशी...

च्च.