रोज्यातला पेढा

औरंगपुऱ्यातल्या खेळाच्या दुकानात चार नंबरचे फुटबॉलचे बूट शेवटचे सहा जोड उरले होते, आणि ते सगळेच्या सगळे त्या उंच माणसानं उचलले. अंबिका तावातावानं पुढं झाली.

"अहो, सगळे तुम्हीच नेले तर माझ्या पोरींनी काय अनवाणी खेळायचं?"

"कुठल्या पोरी?"

"गारखेड्याच्या. शाळेत खेळ शिकवते मी."

"मग घ्या." त्यानं जोड तिच्यापुढं केले. "पण एका अटीवर... शिकवायला मी येणार. फुकट."

हा मुदस्सिर. कोलकात्याच्या एका क्लबकडून खेळणारा, गुडघा दुखावला म्हणून घरी आलेला. सुट्टीवर आला की गावातल्या पोरापोरींना फुटबॉल शिकवायचा त्याला भारी नाद. त्या दिवसापासून तो रोज सकाळी सातला मैदानावर हजर. रमजान लागला तरी चुकला नाही. पोरी घटाघटा पाणी प्यायच्या, तो नुसता हसायचा... आणि अंबिका? पोरी मोजता मोजता तिची नजर भलतीकडंच जायची.

मग क्लबचं बोलावणं आलं. ईद झाली की तो जाणार, म्हणून शाळेनं सत्कार ठेवला. शाल झाली, नारळ झाला, आणि मुख्याध्यापिका सुरेखामॅडम म्हणाल्या, "अंबिका, पेढा भरव सरांना." आनंदाच्या भरात तिनं अख्खा पेढा त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं तिच्याकडं पाहिलं... आणि खाल्ला. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतली श्रेया ओरडली, "टीचर! सरांचा रोजा आहे ना!"

अंबिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माहीत नव्हतं असं तरी कुठं होतं? पाण्याची बाटली त्याच्यासमोरून रोज तीच तर उचलून बाजूला ठेवायची! चारचौघांत आपली शोभा नको म्हणून बिचाऱ्यानं गिळला असणार. ती मागच्या दारानं घरी पळाली.

चार दिवस तिनं तापाचं निमित्त केलं. पण बाई हजर नसल्या तर पोरींना मैदान नाही, हा शाळेचा नियम. पाचव्या दिवशी श्रेयाचा फोन आला, "टीचर, सर रोज फाटकापर्यंत येऊन परत जातात." तिला स्वतःचीच चीड आली. एकाचा रोजा मोडला तो मोडला, वर वीस पोरींचा खेळ बंद पाडला!

दुसऱ्या सकाळी ती फाटकाशी मान खाली घालून उभी राहिली.

"माफ करा मला. माझ्यापायी तुमचा रोजा तुटला."

"नाय तुटला. विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाय. आमच्यात तसंच हाय."

"मला बरं वाटावं म्हणून काहीपण सांगू नका. चांगलं माझ्याकडं बघितलं, मग खाल्लं. विसरला कसले!"

"बघितलं..." त्याचे कान लाल झाले. "म्हणूनच तर विसरलो."

अंबिकानं उगाचच फाटकाची कडी काढली, परत लावली.

"लाज तर मला वाटायलीय, टीचर." तो बुटानं माती उकरत राहिला. "नजरेचाबी रोजा असतोय. तो माझा रोजच तुटायलाय... सकाळी सात वाजता."

"मग पुढल्या रमजानला मी समोर येऊच नको?"

"दिवसा नका येऊ. रोजा सुटल्यावर या."

"आणि बाकीचे अकरा महिने?" ती बोलून गेली, आणि धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

मुदस्सिरनं मान वर केली.

"बाकीचे अकरा महिने," तो हळूच म्हणाला, "समोरून हलूच नका. कोलकात्यातबी."