अकरावा करक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाचा विश्वास गॅसवर, कॉम्प्रेसरवर आणि गिऱ्हाइकाच्या खोटं बोलण्यावर असतो. पण तुम्ही त्या शुक्रवाराबद्दल विचारलंत, म्हणून सांगतो. जरा जवळ सरका, आवाज चढवून सांगायची गोष्ट नाही ही.

दोहात मी एका मेंटेनन्स कंपनीत सुपरवायझर आहे. अल मन्सूरातल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलचा एसी बंद पडला होता. शुक्रवार सुट्टीचा, एकही टेक्निशियन फोन उचलेना, म्हणून दुपारी चारला शिडी खांद्यावर टाकून मीच गेलो. बाहेर धुळीचं वादळ उठलं होतं. मेट्रो स्टेशनपासून हॉटेलपर्यंत जाईतो दातांखाली वाळू करकरायला लागली. हॉलच्या खिडक्यांबाहेर आधी पिवळं, मग तांबूस, मग मातकट होत गेलं आणि भर दुपारी दिवे लावावे लागले.

हॉलमध्ये नऊ माणसं होती. पन्नाशी-साठीची, बहुतेकांची पोटं सुटलेली, पण बूट सगळ्यांचे चकचकीत. मी शिडीवर चढून एसीचं झाकण उघडलं, तेवढ्यात खालून खणखणीत आवाज आला, "सावधान! गिनती कर!"

"एक." "दो." "तीन..."

आणि शिडीवर माझ्या टाचा आपोआप जुळल्या. शिडीवर सावधान होण्यात किती शहाणपण असतं, ते मला त्याच क्षणी समजलं. हातातला पाना खाली आदळला, मीही त्याच्यामागे जायचा वाचलो.

आवाज देणारे गृहस्थ शिडीखाली येऊन उभे राहिले. निवृत्त सुभेदार गुरुप्रसाद, दोहातल्या मराठी माजी सैनिकांच्या मंडळाचे सेक्रेटरी. मिशी पांढरी, नजर तशीच करडी. पान्याकडे न बघता त्यांनी माझ्या टाचांकडे बघितलं आणि विचारलं, "कुठली पलटण?"

फौज सोडल्यापासून बारा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, सिग्नल, लाइनमन, नाव अवधूत, सहा वर्षं. पुढचंही सांगून टाकलं. नोकरी मधेच सोडली, पेन्शन नाही, आणि डिस्चार्ज बुक कृष्णेच्या पुरात ट्रंकेसकट गेलं. गावात मला कुणी फौजी म्हणत नाही. पेन्शन नाही तो कसला फौजी, असा आमच्याकडचा सरळ हिशेब. मीही मग सांगायचं सोडलं होतं. पण त्या नऊ जणांकडे बघताना मला त्या रांगेत उभं राहावंसं वाटलं. इतकं वाटलं की लाज वाटली.

सुभेदारांचा चेहरा जरा उतरला. आदल्या वर्षी एक खोटा कॅप्टन मंडळात शिरून आठ महिने जेवून गेला होता. तेव्हापासून नियम झाला होता, डिस्चार्ज बुक दाखवा, नाहीतर सोबत नोकरी केलेला एक माणूस इथे हजर राहून सांगू दे. फोनवर चालणार नाही. माझ्या सेक्शनमधलं दोहात कुणीच नव्हतं. सुभेदार म्हणाले, नियम तो नियम. मग माझ्या खांद्यावरची धूळ झटकत त्यांनीच वाट काढली.

"चहापुरता फॉल-इन हो."

ही त्यांची पद्धत ऐकून घ्या, कारण सगळं त्यातच आहे. गिनती सुरू होण्याआधी सुभेदार खाली काउंटरवरच्या फुजैलला फोन लावत आणि मोबाइल हातात उंच धरून पहिला आकडा स्वतःच म्हणत. फुजैल मलबारचा. गिनतीचा शेवटचा आकडा ऐकायचा आणि तेवढे करक, म्हणजे इथले कडक दुधाळ चहा, घेऊन वर यायचं, एवढंच त्याचं काम.

मी रांगेच्या डाव्या टोकाला उभा राहिलो. माझ्या डाव्या हाताला मोकळी फरशी, पलीकडे खिडकी.

"...सात." "आठ." "नौ."

"दस," मी म्हणालो.

आणि मग शांतता.

ही शांतता मी ओळखत होतो. वर बर्फातल्या चौकीवर माझ्या डाव्या हाताला नेहमी मुनाफ उभा असायचा. मिरजेकडचा, बोलायला तिखट, चहाला हावरा. चहाचा मग रिकामा झाला की तो उपडा घालायचा, आणि पुन्हा कुणी भरतंय का म्हणून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचा. एका दिवशी तुटलेली टेलिफोनची लाइन जोडायला जायची पाळी माझी होती. मला ताप होता, मुनाफ गेला. लाइन जोडून तो फोन करणार होता. संध्याकाळच्या गिनतीला मी माझा आकडा बोललो, आणि माझ्यानंतर कुणीच बोललं नाही. मी दोन दिवस रिसीव्हर कानाला लावून बसलो. फोन आला नाही. त्यानंतर नोकरीत माझं मन लागलं नाही.

तर, हॉलमध्ये ती शांतता. बाहेर काचेवर वाळूची सरसर. एसीचं झाकण माझ्याच हातानं उघडलेलं, आतला पंखा बंद... आणि माझ्या डाव्या दंडाला थंडी वाजायला लागली. उजवीकडे घाम, डावीकडे काटा. मग वास आला. ओल्या लोकरीचा आणि रॉकेलचा. चौकीतल्या शेगडीचा तो वास मी झोपेतही ओळखेन. मी मान वळवली नाही. सावधानमध्ये वळवायची नसते, आणि धीरही नव्हता.

"विश्राम," सुभेदार म्हणाले.

फुजैल ट्रे घेऊन आला. ट्रेमध्ये अकरा ग्लास. सुभेदार त्याच्यावर डाफरले, दहापर्यंत मोजता येत नाही का म्हणून. फुजैलने शांतपणे ट्रे टेबलावर ठेवला.

"ग्यारह बोला ना, साब. आख़िर में."

कुणी बोललं नव्हतं. आम्ही दहाही जण एकमेकांकडे बघत होतो. फुजैलला मात्र आपली खात्री होती. त्या शेवटच्या माणसाचा आवाज जरा लांबून, वाऱ्यातून आल्यासारखा होता, असं तो म्हणाला. आकड्यानंतर तो आणखीही काही बोलला, ते फुजैलला समजलं नव्हतं, पण कानात राहिलं होतं. एकेक शब्द जपून उतरवून ठेवावा तसं त्याने ते म्हणून दाखवलं.

"ह्यो... आमच्यातलाच हाय."

फुजैलला मराठीचं अक्षर येत नाही हो. मी खुर्ची शोधत होतो, ती सापडायच्या आत खालीच बसलो आणि सगळ्यांदेखत रडलो. सुभेदार शेजारी उकिडवे बसले. कोण, एवढंच त्यांनी विचारलं. मी मुनाफचं सगळं सांगितलं, ताप, लाइन, न आलेला फोन. घरात बायकोलाही मी ते कधी सांगितलं नव्हतं.

"माझाही एक असाच राहिलाय," एवढंच म्हणून सुभेदार उठले आणि त्यांनी मंडळाचं रजिस्टर उघडलं. सदानंद म्हणून नेव्हीतले एक आहेत, कायद्याला घट्ट. ते घुटमळत म्हणाले, साहेब, ओळख देणारा माणूस हजर पाहिजे, असा नियम आहे.

"गिनतीत होता," सुभेदार म्हणाले. "गिनतीत असला तो हजर."

त्यांनी माझं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यात मुनाफचं. मग नऊही जण एकदम बोलायला लागले. कुणी भजी मागवली, कुणी माझा पाना लपवला, सदानंदांनी सिग्नलवाल्यांवरचे सगळे जुने विनोद एका दमात संपवले. इतकं हसून माझी बरगडी दुखायला लागली. अकरावा ग्लास कुणीतरी खिडकीत ठेवला होता. निघताना बघितलं तर तो उपडा होता. उचलला. आत चहाचा थेंब नव्हता. काठाखाली पाण्याचं कडं होतं, आणि ते पाणी बोटाला चावेल इतकं गार होतं.

मी ग्लास सुलटा करून खाली नेला आणि पुन्हा भरून वर पाठवायला सांगितलं.

आता दर महिन्याला आम्ही दहा जण गिनती करतो आणि फुजैल अकरा आणतो. कुणी काही विचारत नाही. मी डावीकडे एका माणसाची जागा सोडून उभा राहतो. खरं सांगतो, मला आता त्या शांततेची भीती वाटत नाही.

मागच्या शुक्रवारी मात्र गिनती संपल्यावर सुभेदारांनी मोबाइल कानाला लावला आणि किती म्हणून विचारलं. फुजैलचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "बारह, साब."

आम्ही दहाच होतो. सुभेदारांनी आमच्याकडे पाठ केली. मिशी थरथरत होती, हसू येत होतं की रडू ते मला समजेना. मग इतक्या हळू बोलले की मी जवळ नसतो तर ऐकू आलं नसतं.

"फुजैल... एक चाय फीकी भेजना. बिना चीनी."

"मालूम है, साब," फुजैल म्हणाला. "उन्होंने ख़ुद बोल दिया."