दुसरं टोक

ही घडलेली गोष्ट आहे. आमच्या मेरिलची. किती मासे मिळाले हे सांगतानाही ज्याने कधी एक वाढवून सांगितला नाही, तो असलं काही रचून सांगणार नाही.

आणि ही गोष्ट रात्रीची तर मुळीच नाही. फेब्रुवारीतली दुपार, तीनचा सुमार. अमेरिकेतल्या मेन राज्याचा किनारा, जोन्सपोर्टजवळ. मेरिलच्या घरामागचं गॅरेज.

तिथे आदल्या वर्षी तो आणि त्याची बायको व्हर्ना कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची एकट्यापुरती अरुंद नाव, बांधत होते. सीडरच्या लाकडाच्या बोटभर रुंद पट्ट्या, साच्यांवर एकीला एक चिकटवत जायचं. नाव उपडी असते, त्यामुळे पट्ट्यांची आतली बाजू शेवटपर्यंत नजरेला पडत नाही. सतरा फुटांची पट्टी एकट्याला आवरत नाही. एक टोक मेरिल धरायचा, दुसरं व्हर्ना. चिकटवण्याआधी ती पट्टीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने आकडा टाकायची.

नाव तिच्याच मापाची होती.

सतरा पट्ट्या झाल्या आणि ती आजारी पडली. नोव्हेंबरात वारली.

"अर्धवट ठेवू नकोस हं," एवढंच मागितलं तिने.

जानेवारी मेरिलने कसाबसा काढला. मग तुळईला दोरीचा फास बांधला. पट्टीचं दुसरं टोक त्यात अडकवायचं. आकडे त्याने टाकले नाहीत. ते तिचं काम होतं.

त्या दुपारी बर्फ पडत होता. त्याने अठरावी पट्टी उचलली...

दुसरं टोक फासातून निसटलं. आता आपटणार, मोडणार...

आवाजच आला नाही.

त्याने मान वळवली. फास रिकामा लोंबत होता. पट्टी सरळ. हवेत.

त्याने हात सोडला. दुसरं टोक हळूच खाली आलं. कुणीतरी जपून ठेवावं तसं.

चाळीस वर्षं संसार केलेली बायको. तरीही मेरिल सपाता तिथेच टाकून बर्फात अनवाणी पळाला.

चार दिवस तो गॅरेजकडे फिरकला नाही. पण शब्द दिलेला. पाचव्या दिवशी रेडिओ मोठ्याने लावला आणि त्या टोकाकडे पाठ करून कामाला लागला.

प्रत्येक पट्टी जागेवर बसली. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

मार्चमध्ये नाव साच्यांवरून काढायला शेजारचा हार्लन आला.

"एवढ्या गुळगुळीत लाकडावर मी जेवायला बसेन, बाबा. समुद्रात नाही घालणार!"

"बडबड कमी कर. उचल."

दोघांनी नाव उलथवली. हार्लन आत वाकला.

"तू तर म्हणालास आकडे टाकले नाहीस."

अठरा. एकोणीस. वीस... पार एकतीसपर्यंत.

सत्ताविसातल्या सातच्या पोटात आडवी रेघ होती. तशी रेघ फक्त व्हर्ना मारायची.

"मेरिल... हे तूच लिहिलंयस ना?"

"हो," मेरिल म्हणाला. जन्मातली त्याची पहिली थाप.

हार्लन गेल्यावर त्याला आणखी एक खूण दिसली. बसल्यावर पाय टेकतात तिथल्या पट्टीवर, ती चिकटवण्याआधी, ऑक्टोबरात व्हर्नाने आपल्या पायांची रेघ मारली होती. तिच्यापुढे वीतभर अंतरावर आता आणखी एक रेघ होती. ताजी.

मेरिल नावेत बसला. पाय लांब केले...

तळवे बरोबर त्या ताज्या रेघेवर टेकले. नाव आता त्याच्या मापाची झाली होती.

त्याने पॉलिश पेपर घेतला. आकडे पुसले गेले. ती ताजी रेघ जाईना. घासत राहिला, घासत राहिला. लाकूड पातळ झालं, पलीकडचा उजेड दिसू लागला. अजून घासलं असतं तर तळाला भोक पडलं असतं.

तेव्हा थांबला.

पुढचं काम त्याने डोळे मिटल्यासारखं उरकलं. नाव पुरी झाली. शब्द पाळला. जूनमध्ये हार्लन म्हणाला,

"काय रे, कधी उतरवतोयस पाण्यात? एकट्याला उचलत नसेल तर सांग. मी येतो दुसरं टोक धरायला."

मेरिलने गॅरेजचं दार ओढून घेतलं.

"दुसरं टोक धरायला माणूस आहे, हार्लन. म्हणूनच उतरवत नाही."

नाव अजून गॅरेजात टांगलेली आहे. मी एकदाच पाहिली. खिडक्या बंद होत्या, वारा नव्हता...

तुळईचा तो रिकामा फास हलत होता.