सावडीचा गडी

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अंधारी रात्र लागते. माझ्याकडे रात्र नाही. हे सगळं सकाळी घडलं, आजूबाजूला भरपूर माणसं काम करत असताना.

खोटं वाटलं तर वाटू द्या. माझी बायको हर्मेलिंडा साक्षीला आहे, आणि ती माझ्या बाजूनं सहसा बोलत नाही.

मी फोर्तुनातो. आमचं गाव पेरू देशात, आंकाशच्या डोंगरात. बटाटे काढून झाले की गावातले गडी खाली समुद्रावर उतरतात, ग्वानोच्या बेटांवर कामाला. ग्वानो म्हणजे पाणकावळ्यांची वाळलेली शिट. आम्ही नुसतं खत म्हणतो. कुदळीनं खणायचं, चाळायचं, पोत्यात भरायचं आणि पाठीवर घेऊन धक्क्यापर्यंत उतरवायचं. माझे गुडघे कामातून गेलेत, म्हणून मी पोती शिवायला बसतो. दाभण आणि सुतळी. बेटावरचं एकूण एक पोतं माझ्या हाताखालून जातं.

बेट पिस्को बंदराच्या समोरचं आहे. नाव सांगत नाही. अजून लोक तिथं पोटासाठी जातात, त्यांच्या पोटावर पाय कशाला द्या?

त्या वर्षी माझ्याबरोबर माझा मेहुणा आला होता. अब्दोन. हर्मेलिंडाचा धाकटा भाऊ, नुकतं लग्न झालेला, अंगानं रेड्यासारखा आणि तोंडानं अखंड चालू. सासूबाईंना एवढा एकच मुलगा. निघताना त्या बसपर्यंत आल्या होत्या.

"जावईबापू, तुमच्या भरवशावर सोडतेय त्याला," म्हणाल्या. "जसा नेताय तसा आणून द्या."

मी हो म्हणालो. काय म्हणणार दुसरं?

आता एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या डोंगरात सावड चालते. आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या शेतात राबायचं. पैसा नाही, जेवणखाण देऊन भागवणं नाही. कामाला काम. पाठीवर ओझं घेऊन कुणी अडला असेल तर आमचा माणूस विचारतसुद्धा नाही, सरळ हात लावतो. आणि हात लावताना म्हणतो, "आज मी, उद्या तू." म्हणजे सावड लागली. ती फेडली नाही तर गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही.

आणि दुसरी गोष्ट. आमच्या पणजोबांच्याही आधी या बेटांवर चिनी मजूर आणले होते. फसवून आणले आणि मरेपर्यंत खणायला लावलं. मेले की तिथंच खतात पुरलं. हे खत माणसाला लवकर कुजू देत नाही. कुदळीला कधी कापड लागतं, कधी वेणी लागते. असं कुणी लागलं की मुकादम हात वर करतो. सगळे टोप्या काढतात, वर पुन्हा खत लोटतात, आम्ही चघळतो त्या कोकाची चार पानं ठेवतात आणि जरा बाजूला सरकून खणतात.

यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मी तेव्हा म्हणायचो.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की मला माझी सुतळी दिसत नव्हती. धुकं असलं तरी बेटावर शांतता कधीच नसते. हजारो पक्षी, नुसता कलकलाट. डोक्यात भुंगा बसतो.

त्या दिवशी मी एक पोतं शिवत होतो आणि…

कलकलाट थांबला.

एकदम. एकही पक्षी नाही.

मी दाभण हातात धरून बसलो. मग पुन्हा सुरू झाला. मी म्हटलं, आपलेच कान बसले असतील.

थोड्या वेळानं अब्दोन रिकाम्या पाठीनं वरून खाली आला.

"दाजी, वरच्या कड्याजवळ तो म्हातारा कोण हो?"

"कोण म्हातारा?"

"एकटाच बसलाय. पुढ्यात भरलेलं पोतं. उचलवत नव्हतं त्याला. मी पाठीवर चढवून दिलं."

"आपल्यातला आहे?"

"तोंड नाही दिसलं. वाकलेलाच होता. एवढा म्हातारा माणूस कामाला घेतात, लाज नाही मुकादमाला."

"पोतं कसलं होतं?"

"पोत्यासारखं पोतं. तुमच्या हातचं नव्हतं पण. टाके तिरपे होते, आणि सुतळी काळी होती. बारीक… केसांसारखी."

बेटावर दाभण एकच होतं आणि ते माझ्या हातात होतं.

"तू बोललास काही त्याच्याशी?"

"आपलं नेहमीचं. आज मी, उद्या तू." अब्दोन हसला. "त्यानं मान हलवली."

दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो, तर अब्दोनच्या वाट्याची जागा खणून तयार होती. चाळून, ढीग लावून. मुकादम खूश.

"नवीन लग्न झालेल्याला झोप लागत नाही वाटतं," तो म्हणाला. सगळे खिदळले.

अब्दोनही हसला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्हाताऱ्यानं सावड फेडली, दाजी. भला माणूस निघाला."

मी ढिगाभोवती फिरून बघितलं. रात्रभर धुळीचा थर बसतो तिथं, मांजर चाललं तरी ठसे उमटतात.

ठसा नव्हता… एकही.

तरी मी म्हटलं, जाऊ दे. एक पोतं उचललं, एक ढीग मिळाला. फिटलं. विषय संपला.

पण तिसऱ्या दिवशीही ढीग तयार होता. चौथ्या दिवशीही. मी मुकादमाच्या हातापाया पडून अब्दोनची जागा बदलून घेतली. बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला.

पहाटे जागा झालो तेव्हा दूरवर आवाज येत होता…

खट्… खट्… खट्…

त्याच टोकाकडून.

अब्दोन माझ्या शेजारी पडला होता. डोळे उघडे.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "आता मी त्याचं देणं लागतो."

खरं होतं ते. एका पोत्याच्या बदल्यात त्यानं कितीतरी दिवस राबून दिलं होतं. आता फेडायची पाळी आमची होती. आणि सावड फेडायला जायचं असतं त्याच्या शेतात. या म्हाताऱ्याचं शेत कुठं, हे कुणाला सांगायला नको.

त्या दुपारी मी कड्यावर कोका, तंबाखू आणि दारूची बाटली ठेवून आलो. म्हटलं, "बाबा, हे घे आणि पोराला सोड."

दुसऱ्या सकाळी बाटली तशीच होती. पानं तशीच. फक्त सगळं उचलून नीट बाजूला ठेवलं होतं… वाटेच्या कडेला, आमच्या तंबूच्या बाजूला.

परत केलं होतं त्यानं.

बेटाचे राखणदार मेलितोनकाका वर्षभर तिथंच राहतात, किनाऱ्यावरचे आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मलाही दिसतो तो," ते म्हणाले. "पोतं पुढ्यात घेऊन बसलेला. मी त्याच्या बाजूनं निघून जातो. आम्हा किनाऱ्याच्या लोकांना दुसऱ्याचं ओझं उचलायची सवय नाही, फोर्तुनातो. म्हणून जगलो. तुम्हा डोंगरवाल्यांना कुणी सांगितलाय शहाणपणा?"

"आता काय करू, काका?"

"उद्या पिण्याचं पाणी घेऊन बोट येते. पोराला घेऊन जा. मागं वळून बघू नकोस."

मी मुकादमाला सांगितलं, सासूबाई आजारी आहेत. सामान बांधलं. बोट सकाळीच आली, पण धुक्यामुळे सुटत नव्हती. मी अब्दोनला धक्क्यावर बसवलं आणि स्वतः त्याला खेटून बसलो.

आणि पक्षी थांबले.

वर कड्यावर कुदळीचा आवाज सुरू होता. खट्… खट्… मग तोही थांबला. कुणीतरी वाट बघतंय, असं वाटायला लागलं.

अब्दोन उठून उभा राहिला.

"बस खाली."

"तो बोलावतोय, दाजी."

"कुणी बोलावत नाही. बस म्हणतो ना."

"सावड बुडवून घरी जाऊ? आई दारात उभं करेल का मला?" तो कड्याकडे बघत म्हणाला. "मेलेल्याची बुडवली म्हणून काय झालं, बुडवलीच ना?"

पोराला मरणाची भीती नव्हती, भीती होती ती आईपुढं मान खाली घालायची. मला रडू आलं, खरंच सांगतो. मेहुणा झाला तरी लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलेला.

आमच्यात घरचा माणूस घरच्या माणसाची सावड फेडू शकतो. भावाच्या जागी भाऊ, मेहुण्याच्या जागी दाजी. मेलितोनकाका निरोपाला धक्क्यावर आले होते, त्यांना म्हटलं, "याला धरून ठेवा." आणि कुणाची तरी कुदळ उचलून कडा चढलो.

पाय कसे उचलले ते माझं मला माहीत.

वर काहीच दिसत नव्हतं. मी म्हणालो, "अब्दोनच्या घरचा आहे. त्याच्या जागी आलोय." आणि पहिला घाव घातला.

लगेच बाजूला दुसरा घाव पडला… खट्…

मग तिसरा. मग पलीकडे. मग आणखी पलीकडे.

एक कुदळ नव्हती. पुष्कळ होत्या.

मी मान वर केली नाही. शेजारी खणणाऱ्याचे फक्त हात दिसत होते. पिवळे, सुकलेले. बोटांना नखं नव्हती. कुणाच्याही श्वासाचा आवाज नव्हता. खत खणलं की त्या उग्र वासानं डोळ्यांतून पाणी येतं, तिथं वाससुद्धा नव्हता.

किती वेळ खणलं माहीत नाही. गुडघे बधिर झाले. आणि एका क्षणी धुकं फाटलं, ऊन आलं, सगळा कलकलाट एकदम कानावर आदळला.

कड्यावर मी एकटा होतो. समोर कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खताचे ढीग लागले होते.

"फिटलं, बाबा," मी म्हणालो.

आणि कुदळ घेऊन खाली उतरलो.

आम्ही त्याच बोटीनं आलो. सासूबाईंनी अब्दोनचं तोंड दोन्ही हातांत धरलं, मला म्हणाल्या, "जसा नेला तसा आणलात." माझा जीव भांड्यात पडला. त्यांना आम्ही काही सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला घोर?

वर्ष चांगलं गेलं. अब्दोनची बडबड परत आली. त्याच्या बायकोला दिवस गेले.

मग बटाटे काढायचे दिवस आले. ठरल्याप्रमाणे मी आणि हर्मेलिंडा सकाळी सासूबाईंच्या शेतावर पोचलो. अब्दोन बांधावर उभा होता. त्यानं फक्त शेताकडे हात केला.

अर्धं शेत खणून ठेवलं होतं. बटाटे काढून, ढीग लावून.

मऊ, ओली माती होती. आणि तिच्यावर पाऊल… नव्हतं.

सासूबाई चुलाणापाशी बसल्या होत्या, खुशीत.

"या, या. तुमच्या आधी एक जण येऊन राबून गेलासुद्धा," त्या म्हणाल्या. "मी आले तेव्हा धुकं होतं. वाकून खणत होता बिचारा. मी म्हटलं, बाबा, कुणाकडचा तू? बोलेना. म्हटलं, जेवून जा. नाही म्हणून मान हलवली."

"मग?" हर्मेलिंडानं विचारलं.

"मग काय, तसाच पाठवू त्याला? शब्द दिला. म्हटलं, माझा अब्दोन येईल तुझ्याकडे फेडायला. आणि अब्दोनला नाही जमलं, तर घरात बाळ येतंय, तो येईल मोठा होऊन." त्या हसल्या. "तेव्हा कुठं होकाराची मान हलवली त्यानं."

अब्दोनची बायको पोटावर हात ठेवून उभी होती. सासूबाई आमच्या तोंडांकडे बघत राहिल्या, आणि त्यांचं हसू हळूहळू गेलं.

खत काढून झालं की बेट पक्ष्यांसाठी काही वर्षं बंद ठेवतात. तेवढी वर्षं आम्हाला मिळाली. पोरगी झाली, चालायला लागली, बोलायला लागली. शेतात दर वर्षी कुणीतरी आमच्या आधी येऊन खणून जातं. आम्ही नको म्हणून बघितलं. शेत पडीक ठेवून बघितलं. तरी सकाळी माती उकरलेली असते.

यंदा बेट उघडलं.

अब्दोननं कुणाला न विचारता नाव दिलं. मी माझी पिशवी भरली, तर त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"नको, दाजी," म्हणाला. "तुम्ही घरचे म्हणून गेलात, म्हणून त्याला घर कळलं. आता मीच जातो. माझ्यावर संपू दे."

बसपर्यंत सासूबाई आल्या होत्या. या वेळी त्या मला काही म्हणाल्या नाहीत.

त्याला जाऊन बरेच दिवस झाले. धुक्याचे दिवस आहेत. सासूबाई रोज विचारतात, अब्दोनचा फोन आला का. मी लावतो तो लागत नाही, पण त्यांना सांगतो, आला होता, बरा आहे.

परवा त्या पडीक शेताकडून येताना दिसल्या. मी विचारलं, माती उकरली होती का? नाही म्हणाल्या. या वर्षी कुणीच आलं नाही.

तेव्हापासून मी फोन लावणं बंद केलंय.