जाळं तुटलं नव्हतं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. स्वरदामावशीनं मला हे दिवसाढवळ्या, देवघरासमोर बसून सांगितलं. आणि ती खोटं बोलत नाही.

साल २००१. दसऱ्यानंतरचा मंगळवार. रायपूर, चौबे कॉलनी.

राज्य नवं, राजधानी नवी. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे दिवाकरकाका, भोपाळहून बदली होऊन इथल्या सरकारी ऑफिसात आले होते. दोघांनी भाड्यानं घर घेतलं. त्याच्या मागच्या बाजूला एक खोली होती. एकच अरुंद दार, खिडकीला गज.

मावशी अमरावतीला प्राणिशास्त्र शिकलेली. तिला कोळी ओळखायचा भारी नाद. घरात कुठं कोणता दिसला, वहीत लिहून ठेवायची.

त्या संध्याकाळी काका ऑफिसातून आले.

"डोकं लय दुखून राहिलं. थोडा पडतो," म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले.

मावशी त्या दाराबाहेरच गवारीच्या शेंगा निवडत बसली. दार उघडंच होतं.

अंधारून आलं... आणि चौकटीत एक धागा चमकला.

तपकिरी, केसाळ कोळी. फुगीर पोटावर पानासारखी नक्षी. मावशीनं लगेच ओळखला. हा दिवेलागणीला चाकासारखं गोल जाळं विणतो आणि उजाडायच्या आत स्वतःच खाऊन टाकतो.

ती बघतच राहिली. आधी धाग्यांची चौकट. मग चाकाचे आरे. मग बाहेरून आत येणारे चिकट वेढे. खालचे धागे थेट उंबऱ्याला. तासाभरात दार भरलं. कोळी मधोमध डोकं खाली करून बसला.

काकांना हाक मारून दाखवावं म्हणून तिनं तोंड उघडलं...

"चहा टाकते का?"

आवाज मागून आला. बैठकीतून.

काका खुर्चीत पेपर वाचत बसले होते.

ती जागची हलली नव्हती. जाळं तुटलं नव्हतं. पलीकडे खाट रिकामी.

"तुम्ही बाहेर कधी आले?"

"आत गेलोच कुठं मी? आल्यापासून इथंच बसून राहिलो."

मावशी हसायला गेली... तेवढ्यात खोलीतून खोकला आला.

"स्वरदा... हे जाळं काढ ना. मले बाहेर येता नाही येत."

काकांचाच आवाज. दमलेला.

खाटेवर कुणीच नव्हतं.

तिनं झाडू उचलला. मनगटावर हात पडला.

"राहू दे," काका शांतपणे म्हणाले. "काहून मोडते बिचाऱ्याचं घर?"

"तुम्हाला ऐकू नाही आलं?"

"काय?"

आतला आवाज आता रडत होता. मनगटावरची पकड सुटत नव्हती.

कधीतरी तो आवाज थांबला...

सकाळी जाळं नव्हतं. मावशी आत गेली. खाटेवरची चादर चुरगळलेली, मध्ये माणूस निजल्यासारखा खोलगटपणा.

हात लावला. चादर गरम होती.

महिन्याभरात तिनं हट्टानं घर बदललं. टेम्पोत सामान चढलं. काका पार फाटकापाशी उभे. मावशी एकटीच त्या खोलीच्या दाराशी गेली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "अहो..."

"ओ!"

आतून. आणि फाटकापासूनही. एकदम.

मावशी टेम्पोत जाऊन बसली. दुसरं काय करणार होती?

तेवीस वर्षं झाली. काका मायाळू आहेत, आम्हा सगळ्यांचे लाडके. मावशीचा संसार नीट चालला आहे.

फक्त ती त्यांना 'अहो' म्हणून हाक मारत नाही.